दाराजवळची गोदावरीबाई

मी सावरपेठेचा कुतुबखाना बोलतोय.

माझ्या दारावर आता 'वस्तुसंग्रहालय' अशी पाटी आहे, हे मला ठाऊक आहे. पण म्हातारपणी कुणी नाव विचारलं की जुनंच तोंडात येतं. वस्तुसंग्रहालय म्हणून मला कुणी हाक मारली, तर ती मलाच आहे हे कळायला अजून वेळ लागतो. तशी हाक मारतंय तरी कोण म्हणा.

मानवतहून परभणीकडं जाणारी एस.टी. आमच्या गावात घटकाभर थांबते. स्टँडवर उतरून सरकीच्या वखारी ओलांडल्या की कोपऱ्यावर मी दिसतो. काळ्या दगडाचं जोतं, चुन्याच्या जाड भिंती, पुढं कमानींची ओसरी. ओसरीवर दाराच्या उजव्या हाताला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एक दगड बसवलेला आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं हात फिरवल्यानं तो गुळगुळीत झालाय. माझ्या पोटात काय काय आहे ते तिकीट काढून बघता येतं, पण मला जे सांगायचंय ते या दगडाचं आहे.

माझा जन्म निजामाच्या राजवटीतला. त्या दिवसांत मराठी पुस्तकं ठेवायला घर बांधायचं म्हणजे कचेरीचे उंबरे झिजवावे लागत. आमच्या गावच्या आबासाहेब देशमुखांनी ते झिजवले. मंजुरीच्या कागदावर 'कुतुबखाना' लिहून आलं, म्हणजे पुस्तकांचं घर, आणि लोकांनी तोच शब्द उचलला. पुढं निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, पाटीवर 'सार्वजनिक वाचनालय' आलं, तरी जुनी माणसं कुतुबखानाच म्हणत राहिली. एका सरकीवाल्याला तेही जमायचं नाही, तो मला खुशाल कुत्रेखाना म्हणायचा. मी आपला ऐकून घ्यायचो.

आबासाहेबांनी मला बांधलं ते बायकोच्या आठवणीसाठी. बाई पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आबासाहेब कितीतरी दिवस माडीवरून खाली उतरले नाहीत, आणि उतरले ते गवंड्यांना बोलवायलाच. हे गवंडीच काम करता करता आपसात बोलायचे. गंमत अशी की बाईला अक्षरओळख नव्हती. ती जिवंत असताना तिला दोन अक्षरं शिकवायला आबासाहेबांना सवड झाली नाही, आणि ती गेल्यावर तिच्या नावानं त्यांनी पुस्तकांचं घर उभं केलं. माणसं अशी का वागतात, याचा मी जन्मापासून विचार करतोय.

पाथरवटानं दगडावर तिचं नाव कोरलं, तेव्हा तो एकेक अक्षर तोंडानं पुटपुटत होता. गो. दा. व. री. बा. ई. मला वाचता येतं ते तेवढंच. पोटात कपाटं भरून पुस्तकं होती, पण घराला कोण शिकवणार? आत जे कुणी मोठ्यानं वाचलं तेवढंच माझ्या कानावर पडलं.

अठ्ठ्याहत्तर साली माझी किल्ली दत्तोपंतांकडं होती. ते इथले ग्रंथपाल. पुस्तक परत आलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे आणि कुणी ते चुलीपाशी बसून वाचलं, कुणी तंबाखू मळत वाचलं, ते सांगायचे. संध्याकाळी ओसरीवर बसून ते पेपर मोठ्यानं वाचत. ऐकायला वखारीतले हमाल यायचे, गाडी चुकलेले शेतकरी यायचे, दोन-चार म्हातारे तर बातमी कळली नाही तरी बसून असायचे. तो माझा सगळ्यात सुखाचा काळ. तेव्हा ते सुख आहे हे कळलं नाही, एवढंच.

बुधवारी आमचा बाजार. बुधवारी चतुराबाई यायची.

तिचं सासर दोन कोसांवरच्या खेड्यात. डोक्यावर गवारी-भेंडीची पाटी. पाटी विकली की ती थेट माझ्या ओसरीवर चढायची, पदरानं दगड पुसायची आणि कोरलेल्या अक्षरांवरून तळहात फिरवायची. खरखरीत हात होता तिचा, खुरप्यानं घट्टे पडलेला. हात फिरवता फिरवता ती बोलायची.

"कडूअक्का, मी आले गं. औंदा कापूस बरा हाय. थोरलीला दिवस गेलेत. तू असतीस तर बाळंतइडा तूच केली असतीस."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई घर चुकली. इथं तर गोदावरीबाई आहे. मग तिच्याच बोलण्यातून हळूहळू उलगडा झाला. दोघी बहिणी चारठाण्याच्या. आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून या थोरलीचं नाव कडू ठेवलं, काळानं तोंडात घेतलं तर थुंकून टाकावं म्हणून. काळानं बाळपणी थुंकलं खरं, पण बाळंतपणात गिळलं. कडूचं लग्न देशमुखांकडं झालं तेव्हा चतुरा परकरात होती. लग्नात नवऱ्यानं बायकोचं नाव बदलायचं, ही रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. तशी कडूची गोदावरी झाली. पण माहेरात ते नाव कुणी उच्चारलंसुद्धा नाही. चतुराबाईचंही सासरी काहीतरी दुसरंच नाव ठेवलं होतं. ते लग्नानंतर कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तिच्याही नाही.

एकदा तिनं दत्तोपंतांना विचारलं होतं, "मास्तर, काय लिव्हलंय हो ह्याच्यावर?"

दत्तोपंत पुस्तक शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमच्या बहिणीचंच नाव आहे, बाई."

यात त्यांचं काय चुकलं सांगा. त्यांनी खरं तेच सांगितलं. तिनंही खरं तेच ऐकलं. त्या दिवसापासून ती त्या अक्षरांतून बोट फिरवत म्हणायला लागली, "कडूबाई. माझी कडूबाई." मी आतून ओरडत होतो, की अगं, हे गो आहे, हे दा आहे. पण भिंतीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

तिचं बघून बाजाराच्या आणखी बायका दगडाला हात लावायला लागल्या. एकीनं हळद-कुंकू वाहिलं, दुसरीनं नारळ फोडला आणि तिसरीनं लेकीला मूल व्हावं म्हणून नवस बोलला. दत्तोपंत हैराण झाले. "अहो, ही देवी नाही! ही इमारतीची पाटी आहे!" असं ते ओसरीवर उभं राहून सांगायचे, आणि बायका त्यांच्याही पाया पडून जायच्या. शेवटी त्यांनी नाद सोडला. खोबरं मात्र घरी न्यायचे.

त्याच वर्षी पावसाळ्यात मुंबईहून बातमी आली, की औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं ठरलं. दत्तोपंतांनी ती नेहमीसारखी मोठ्यानं वाचली. आत खिडकीजवळच्या बाकावर सूर्यभान बसला होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला हा कॉलेजचा मुलगा. घरी दिव्याची सोय नाही म्हणून रोज माझ्याकडं अभ्यासाला यायचा. पायरी चढताना चपला एकमेकींवर आपटून धूळ झाडायचा, इतका नीटस. बातमी ऐकून तो पुस्तक मिटून हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "नाव बदलून काय व्हनार हाय?" दुसरा म्हणाला, "नावात काय असतंय?" हेच म्हणणाऱ्यांच्या हातात थोड्याच दिवसांत काठ्या आल्या. नावात काही नसतं तर इतकं चिडायला काय झालं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. यांतल्या एकेकानं आपल्या लग्नात ताटातल्या तांदळांत बायकोचं नाव बदललं होतं, आणि तेव्हा कुणाचं घर पेटलं नव्हतं. आता पेटली. ओढ्यापलीकडून धूर आला, आरडाओरड आली, आणि मी दार लावून बसलो. म्हणजे लावलं दत्तोपंतांनी. मला काही लावता येत नाही न् उघडताही येत नाही.

सूर्यभानचं घर जळालं. वस्तीतली बरीच माणसं गाव सोडून गेली, त्यांत तोही गेला. दार पुन्हा उघडल्यावर दत्तोपंत त्याचं बाक रोज पुसायचे. पण ओढा ओलांडून जावं, उरलेल्यांना हाताला धरून आणावं, एवढी हिंमत काही त्यांना झाली नाही. ओसरीवरचं वाचन बंद पडलं. कोण कुणाशेजारी बसणार? एकानं पेपर वाचायचा आणि सगळ्यांनी ऐकायचा, यासाठी माणसांना आधी एकमेकांकडं बघता यावं लागतं. ते आता जमेना. पेपर यायचा, ज्याचा तो चाळायचा आणि निघून जायचा.

तिथून मला उतरती कळा लागली. पावसात पाणी झिरपायचं, वाळवी वरच्या फळीपर्यंत चढली, वर्गणीदार कमी होत गेले. दत्तोपंत एका उन्हाळ्यात वारले. नंतर किल्ली या हातातून त्या हातात फिरली आणि बहुतेक दिवस खिशातच राहिली. पंच्याऐंशीच्या सुमाराला ठरलं, की वाचनालय बंद करून इथं वस्तुसंग्रहालय करायचं. पुस्तकं टेम्पोत भरून परभणीला गेली.

पुस्तकं गेल्यावर माझ्यात आवाज घुमायला लागला. कागद आवाज पितो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आता पाल चुकचुकली तरी या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते. एकटेपणा म्हणजे काय, ते मला त्या घुमण्यातून समजलं. सांगायला लाज वाटते, पण त्या पहिल्या पावसाळ्यात मला वाळवीचीसुद्धा आठवण यायची.

संग्रहालय उभं केलं ते व्यंकटरावांनी. कॉलेजात इतिहास शिकवायचे. स्कूटरवरून गावोगाव हिंडून शेताच्या बांधावरचे वीरगळ, पडक्या देवळांतल्या फुटक्या मूर्ती, धान्य मोजायच्या जुन्या पायल्या नि चिपटी, असं काय काय त्यांनी जमवलं. माणूस जीव ओतून काम करणारा. प्रत्येक वस्तूखाली त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठी लिहिताना तोंडानं पुटपुटलेला 'अंदाजे' हा शब्द. मी त्या मूर्तींशी बोलून बघितलं. पण त्या अबोल. त्यांना अजून वाटतं, आपण इथं पाहुण्या आहोत आणि कुणीतरी न्यायला येईल.

आणि जागोजागी पुठ्ठ्याची एक पाटी लागली, 'हात लावू नये'. मूर्तींना लागली, पायल्यांना लागली, आणि दाराजवळच्या माझ्या दगडालाही लागली. व्यंकटरावांनी पाटी लावताना ते शब्द उच्चारले, म्हणून मला कळलं, की आता मीही वस्तू झालो.

राखणीला भुजंग होता. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्यांची वाट बघून बघून झोपायचा. शाळेची सहल आली तर आली. नाहीतर बुधवारची चतुराबाई. तीच काय ती माझी नेमानं येणारी. ती पायरी चढली की भुजंग डोळे न उघडता म्हणायचा,

"मावशे, हात लावू नको."

"का रं? तुझ्या बापाचा हाय का दगड?"

"सरकारी हाय."

"सरकारला बहीन हाय का?"

भुजंग कूस बदलायचा आणि ती निवांत हात फिरवायची. वय झालं होतं तिचं. पाटी आता डोक्यावर पेलत नव्हती, काखेत टोपली असायची. तिच्या तळहाताचा भार दगडावर थोडा जास्त पडायचा, कारण ती उभी राहायला टेकायची. सबंध आठवड्यात मला माणसाचा स्पर्श म्हणून जो व्हायचा, तो तेवढाच. झाडूचा होतो, पण त्याला स्पर्श कसा म्हणावं?

मग एका पावसाळ्याच्या अखेरीला ती यायची बंद झाली. एक बुधवार गेला, दुसरा गेला. दिवाळी गेली. भुजंगसुद्धा एकदा डोळे उघडून रस्त्याकडं बघत म्हणाला, "मावशी खपली का काय?" तो चांगला माणूस आहे, पण असलं बोलतो. मी त्या दिवसांत फार भ्यालो. म्हातारी मेली तर मला सांगायला कोण येणार होतं?

चौऱ्याण्णवची संक्रांत उजाडली. सकाळपासून गावात कुजबुज होती. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव अखेर आज लागतंय, ही बातमी पेपरात आली होती. भुजंग पेपर मांडीवर घेऊन बसला होता. आणि समोरून चतुराबाई आली.

नवं हिरवं लुगडं, हातात तिळगुळाचा डबा. बरोबर चाळिशीकडं झुकलेला एक माणूस, खांद्याला शबनम पिशवी. पायरीशी तो थांबला आणि त्यानं चपला एकमेकींवर आपटून धूळ झाडली. तेव्हा मी त्याला ओळखलं. सूर्यभान होता तो. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाला होता आणि चतुराबाईच्या गावात साक्षरतेचा वर्ग घेत होता. दगडावरचं नाव स्वतः वाचता येईपर्यंत बाजाराला यायचं नाही, असं म्हातारी अडून बसली होती.

"गुरुजी, तुमी मधी बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "माझं मी वाचनार हाय."

"न्हाई बोलत, माय."

ती दगडासमोर उभी राहिली. सवयीनं हात वर गेला. आणि मध्येच थांबला, कारण तिची नजर दगडाखालच्या पुठ्ठ्यावर पडली.

"हा… त. हात. ला… वू. लावू. न… ये. नये." तिनं हात झटकन मागं घेतला, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा. मग भुजंगकडं वळली. "भुजंगा, हे कवाधरनं लिव्हलंय?"

"लय वर्सं झाली की, मावशे. मी काय उगं वरडत व्हतो का?"

"मला वाटलं, तूच आडवा लागायलास."

एवढं बोलून ती शहाण्या मुलीसारखी हात पाठीशी बांधून उभी राहिली. इतकी वर्षं कुणाचं न ऐकलेली बाई, वाचता आल्याबरोबर ऐकायला लागली. मला ते अजिबात आवडलं नाही.

मग तिनं दगडावरची अक्षरं धरली. डोळे बारीक केले. पहिलं अक्षर बघून तिच्या कपाळाला आठी पडली. पुढच्यावर गेली, पुन्हा पहिल्यावर आली.

"क कुठाय?" ती पुटपुटली. "गो… दा… व… री… बा… ई." पुन्हा एकदा वाचलं. ओठ हलत राहिले. "गुरुजी, ही कोन?"

"गोदावरीबाई. देशमुखांच्या बायको. त्यांच्याच नावानं तर हा कुतुबखाना…" बोलता बोलता सूर्यभान थांबला. वर्गात पहिल्या दिवशी त्यानं तिला विचारलं होतं, कोणता शब्द शिकायचाय, आणि तिनं 'कडूबाई' सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. आता त्याच्या ध्यानात आलं. "माय, कडूबाई म्हणजे ह्याच का?"

चतुराबाई खाली बसली. ओसरीच्या फरशीवर, भिंतीला टेकून. मग बोलली ती स्वतःशीच.

"ताटात तांदूळ पसरले व्हते. देशमुख आंगठीनं वढले त्याच्यात. अक्का माझ्या कानात इचारली, काय लिव्हलं गं? मला काय ठावं, मी येवढी. मी त्यातले दोन दाने उचलून खाल्ले, तर आई मला मारली." तिनं मान वर करून दगडाकडं बघितलं. "म्हंजी हे लिव्हलं व्हतं व्हय. अक्कालाबी कुनी वाचून दावलं न्हाई. आन मी जलमभर दुसरीच्याच नावावरनं हात फिरवायले."

आणि ती रडली. मोठ्यानं नाही, पदर तोंडाला लावून, हुंदके गिळत. माझ्या ओसरीवर माणसं भांडलेली मी बघितली आहेत, झोपलेली, पेंगलेली बघितली आहेत. कुणी असं रडलेलं बघितलं नव्हतं. मला वाटलं, तो दगड आपणच गळून पडावा.

भुजंग घाबरला आणि पळत जाऊन व्यंकटरावांना घेऊन आला. सण असूनही बिचारे तसेच आले, मिशीला तीळ चिकटलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाले,

"बाई, अहो, दोन्ही एकच की. एक माहेरचं नाव, एक सासरचं."

"एक कशी? गोदावरी देशमुखाची बायको व्हती. कडू माझी अक्का व्हती. आईनं देवाला फसवून जगवली तिला त्या नावानं. जात्यावर बसून मी कडूच्या ओव्या म्हनले, गोदावरीच्या न्हाई म्हनले. माझी अक्का कुठाय ह्याच्यात? दावा."

"पण दगडावर कोरलंय ते आता बदलता येत नाही. इतिहास असतो तो. आणि हे दुसरं नाव होतं, याला पुरावा काय?"

"मी हाय की पुरावा."

सूर्यभानानं भुजंगच्या खुर्चीवरचा पेपर उचलला आणि नुसता व्यंकटरावांपुढं धरला.

"सर, आम्हालाही लोक हेच सांगत होते. कोरलंय ते कोरलंय म्हणून. सोळा वर्षं लागली. या माउलीकडं तेवढी वर्षं न्हाईत."

व्यंकटरावांनी पेपरकडं बघितलं, मग सूर्यभानकडं. तो इथलाच, हे त्यांना ठाऊक नव्हतं; पण काहीतरी समजलं असावं. त्यांनी मिशीवरचे तीळ पुसले, पुढं होऊन दगडाखालचा 'हात लावू नये'चा पुठ्ठा उपसून काढला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती. खिशातलं पेन काढून ते चिठ्ठी लिहायला लागणार, तोच म्हातारी उठून उभी राहिली.

"मी लिव्हते."

पेन तिच्या मुठीत खुरप्यासारखं बसलं. पुठ्ठा माझ्या भिंतीला टेकवून ती लिहायला लागली, आणि लिहिताना तोंडानं म्हणत होती. क. डू. बा. इ. पेनाचं टोक पुठ्ठ्यातून दाबून माझ्या चुन्यापर्यंत आलं. इतक्या वर्षांत मी शिकलेलं ते दुसरं नाव.

"माय, शेवटचा ई दीर्घ हवा होता," सूर्यभान हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," व्यंकटराव म्हणाले. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो पुठ्ठा दगडाखाली खोचला. त्यावर 'अंदाजे' नव्हतं.

तिनं लांबून नाव वाचलं. जवळ येऊन पुन्हा वाचलं. मग सगळ्यांना तिळगूळ दिला, आधी सूर्यभानला. व्यंकटरावांनी हसून दगडाकडं बोट दाखवलं. "आता लावा हात, बाई. खुशाल लावा. पाटी काढलीय."

चतुराबाईनं दगडाकडं बघितलं. डोळे पुसले होते, चेहरा कसा निवळला होता. म्हणाली,

"आता हात कशाला? आता वाचता येतंय की."

आणि पायऱ्या उतरून गेली.

अजूनही येते ती. बुधवारी. पण ओसरी चढत नाही; गुडघे दुखतात. रस्त्यावरच उभी राहते, माझ्याकडं मान वर करून मोठ्यानं वाचते, "कडूबाई," आणि हसून बाजाराला निघून जाते. तिला हवं ते मिळालं. मला आनंद आहे. खोटं कशाला बोलू, आनंदापेक्षा मला दुसरंच काहीतरी जास्त आहे, पण त्याचं खापर त्या म्हातारीवर कसं फोडू? ती हात फिरवायची तो बहिणीवरून. मधे मी होतो, एवढंच.

कधी सहल येते. पोरं गोदावरीबाई वाचतात, खाली कडूबाई वाचतात, 'कडू' म्हणून खिदळतात. खिदळू द्या. मोठ्यानं वाचतात, ते मला गोड लागतं. मग रांग आत जाते, बाहेर येते आणि एस.टी.त बसून निघून जाते.

तुम्ही कधी मानवतच्या गाडीनं आलात आणि पुढच्या गाडीला वेळ असला, तर वाट वाकडी करून या. दाराजवळ दोन नावं आहेत, दोन्ही वाचा. त्या दगडाखाली आता 'हात लावू नये' असं लिहिलेलं नाही, आणि भुजंग बहुधा झोपलेला असतो. वाचून झालं की लगेच निघू नका. दगडावर हात ठेवा. हात कुणाचाही चालेल.